चाकावर कोणी बसायचं?

थंडी पडली की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर मातीच्या मडक्याला भाव येतो. अलिबाग, पेण, रोह्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की शेताशेतांतून पोपटीचे बेत ठरतात. मडक्याच्या आत भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, कुणाकडे मसाला लावलेली कोंबडी भरायची, वरून पुन्हा पाला दाबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. त्याच सुमारास संक्रांत येते. मग सुगडी हवीत. त्याआधी नवरात्रात घट हवा, दिवाळीत पणत्या हव्यात, उन्हाळ्यात माठ हवा. आणि माणूस गेलं की शेवटचं मडकंही कुंभाराकडूनच आणायचं. जन्मभर आपल्याला या आळीची गरज लागते.

ही मडकी, सुगडी बाजारात घेऊन कोण बसतं, ते आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी बाईच. डोक्यावरच्या टोपलीत पेंढा घालून सुगडी आणणारी, रस्त्याच्या कडेला ती मांडून बसणारी, "तडा नाहीये ना हो?" असं विचारल्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवणारी. आपण तिला कुंभारीण म्हणतो. पण गंमत अशी, की ज्या चाकावर ते सुगड घडतं, त्या चाकावर ती कधी बसलेली नसते.

हे मला माहीत होतं, तरी कधी टोचलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाने चाकावरच्या मातीकामाचा दहा दिवसांचा वर्ग घेतला, तेव्हा ते टोचलं. त्या वर्गाबद्दल आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाबद्दल आज लिहायचं आहे.

हल्ली किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये आणि फार्महाउसमध्ये शनिवार-रविवारचे 'पॉटरी'चे कार्यक्रम होतात. मुंबई-पुण्याची मंडळी येतात, तासभर चाकावर हात ओले करतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्या मंडळातल्या मुलींनी विचारलं, "काकू, आपण का नाही शिकायचं?" मंडळाच्या सभागृहात विजेवर चालणारी दोन चाकं भाड्याने आली, कलाशाळेत शिकलेली एक तरुण शिक्षिका आली, आणि आम्ही चौदा जणी नावं घालून बसलो. सगळ्यात लहान बारावीतली आणि सगळ्यात मोठ्या बासष्ट वर्षांच्या निवृत्त बालवाडीताई.

पहिलाच पेच बांगड्यांचा आला. चाकावर बसायचं तर मनगट मोकळं हवं. काचेची बांगडी ओल्या मातीला लागली की भिंतीवर चरा उमटतो आणि बांगडी फुटली तर काच मातीत जाते. शिक्षिका म्हणाली, "बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, नखं कापा, पदर खोचा, मंगळसूत्र आत घाला." अंगठ्या निघाल्या, पण बांगड्यांपाशी हात थबकले. दोघी-तिघी सरळ मागे सरल्या. "घरी काय सांगू?" एकीने हळूच विचारलं. शेवटी बालवाडीताईंनी मार्ग काढला. बांगड्या कोपराकडे वर सरकवायच्या आणि रुमालाने घट्ट बांधायच्या. वर्ग सुरू झाला. छोटीशी गोष्ट, पण एखादं काम बायकांच्या वाट्याला का येत नाही, याची कारणं कधीकधी अशी मनगटावरच असतात.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी सांगते. पोळीसाठी कणीक मळणाऱ्या बाईला माती मळणं सोपं जाईल, असं सगळ्यांना वाटतं. थोडंफार खरंही आहे. पण कणकेत हवा राहिली तर पोळी फुगते, मातीत हवा राहिली तर भिंतीत पोकळी राहते आणि चाकावर हात तिथे अडखळतो. म्हणून गोळा पुढे ढकलायचा, वळवायचा, पुन्हा दाबायचा. मध्येच तारेने कापून पाहायचा. कापलेल्या तोंडावर भोकं दिसली की अजून मळायचा. पहिला सगळा दिवस आमचा मळण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी चाक. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आपटून चिकटवायचा, हात ओले करायचे आणि फिरणाऱ्या गोळ्याला दोन्ही तळव्यांत धरून असा स्थिर करायचा, की तो फिरतोय हे डोळ्यांना कळूही नये. मातीकामात सगळ्यांत अवघड काय असेल तर हेच. गोळा जरा जरी एका बाजूला राहिला, तरी पुढे काहीच सरळ होत नाही. बायका जोर लावतात आणि गोळा हात ढकलून देतो. शिक्षिकेने युक्ती सांगितली, की जोर हाताचा लावायचा नाही. कोपर मांडीला किंवा पोटाला टेकवायचं, पाठ किंचित वाकवायची आणि अंगाचा भार हातावर येऊ द्यायचा. हात हलला नाही की माती आपोआप जागेवर येते. चौदा जणींपैकी पाच जणींना तिसऱ्या दिवशी हे जमलं. मला पाचव्या दिवशी.

गोळा मधोमध आला की अंगठ्याने त्याला मध्ये खळगा पाडायचा. तळ साधारण बोटभर जाड ठेवायचा. मग एक हात आतून आणि एक हात बाहेरून लावून, दोन बोटांच्या चिमटीत भिंत हळूहळू वर न्यायची. भांडं वर चढू लागतं तो क्षण मजेचा असतो. सगळ्या जणी आपापलं काम टाकून बघायला येतात. आणि बरेचदा नेमकं तेव्हाच ते बसतं! कारण पाणी जास्त झालेलं असतं. नवशिकी बाई सारखा हात बुडवते. माती पाणी पिते, मऊ होते आणि आपल्याच भाराने खाली येते. बसलेली माती वाया जात नाही, हे मात्र छान आहे. ती वाळवून, भिजवून, मळून पुन्हा घेता येते. भट्टीत जाईपर्यंत माती पुनःपुन्हा संधी देते.

तयार भांडं तारेने चाकावरून सोडवायचं आणि सावलीत वाळत ठेवायचं. ते चामड्याइतकं घट्ट झालं, की पुन्हा चाकावर उपडं ठेवून तळाची जादा माती तासायची. मग पूर्ण वाळवायचं. इथे आपल्या किनाऱ्याची हवा परीक्षा बघते. दमट हवेत भांडं वरून कोरडं दिसतं, पण तळात ओल राहते. तसंच भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. सोपी परीक्षा म्हणजे ते गालाला लावून बघायचं. गार लागलं तर ओल आहे. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडच्या कुंभारआळीत हे काम जवळपास थंडावतं, ते याचमुळे.

आपल्या मातीचीही काही गाऱ्हाणी आहेत. खाडीकाठच्या खाजणातल्या मातीत मीठ असतं. भांडं वाळताना ते वर येतं आणि भाजल्यावर पांढरे डाग दिसतात. त्याहून वाईट म्हणजे शिंपल्याचा कण. तो भट्टीत भाजून त्याचा चुना होतो. भांडं अगदी सुरेख बाहेर पडतं आणि काही दिवसांनी हवेतली ओल पिऊन तो चुन्याचा कण फुगतो, भांड्याचा टवका उडवतो. म्हणून माती खोल पाण्यात कालवून, चाळून घ्यावी लागते. नुसती चिकण मातीही चालत नाही. ती वाळताना फार आकसते, तडकते. त्यात बारीक वाळू, राख, भाताचा तूस असं काही मिसळावं लागतं. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि त्यानंतर ती माती पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होत नाही. गोवऱ्या-पेंढ्याच्या आव्यात उष्णता साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. अशा भांड्याला बारीक छिद्रं राहतात. म्हणून तर माठातलं पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार राहतं.

ही माती-तुसाची माहिती मला पुस्तकातून मिळाली नाही. ती दिली आमच्या कुंभारआळीतल्या एका वहिनींनी. वर्गाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना माती दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी आमच्या विकतच्या मातीचा गोळा हातात घेतला, चिमटीत चोळला आणि म्हणाल्या, "लोण्यावानी हाय, पण आव्यात टिकंल का?" मग पुढचा तासभर त्याच शिकवत होत्या आणि आमची शिक्षिका वहीत उतरवून घेत होती.

या वहिनींचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कंपनीत लागला. त्यांना माती कुठली आणायची ते कळतं, तुडवायची किती ते कळतं, मडकं थापटायला येतं, आवा रचायला येतो, जाळाचा रंग बघून कधी झाकायचं ते कळतं. विकायला तर त्याच बसतात. तरीही यजमानांच्या मागे त्यांच्या घरातलं मडकं थांबलं. आता त्या बाहेरगावाहून येणाऱ्या टेम्पोतली तयार मडकी घेतात आणि विकतात. कारण एकच. चाक त्यांचं नव्हतं. घराच्या पडवीत ते अजून आहे, त्यावर पोतं टाकलेलं आहे. दसऱ्याला त्याची पूजा त्याच करतात.

मला तेव्हा टोचलं ते हेच. बाराजणींचं काम एकटीला येणारी बाई, एका कामावाचून विक्रेती होऊन बसली.

आणि हे एका घरापुरतं नाही. भारतातल्या बहुतेक कुंभार समाजांत चाक पुरुषाचं, अशीच रीत चालत आली आहे. बाई माती आणते, तुडवते, चाळते, भांडं रंगवते, वाळवते, आवा लावायला हातभार लावते, बाजार करते. कच्छमधल्या खावड्याच्या प्रसिद्ध भांड्यांचं घ्या. चाकावर पुरुष घडवतात आणि त्यावरची सुबक नक्षी बायका रंगवतात. चाक देवाचं, त्याचं सोवळं, बाईची 'अडचण', अशी कारणं सांगतात. त्याला जोडून दुसरं कारण येतं ताकदीचं. जुनं चाक जड. उकिडवं बसून काठीने ते गरागरा फिरवायचं आणि वेग कमी व्हायच्या आत भांडं उतरवायचं. "बाईमाणसाचं काम नाही ते."

खरंच नाही का? जिथे चाकच नाही तिथे बघा. मणिपूरमध्ये थोंगजाव, आंद्रो या गावांत मडकी घडवतात त्या बायका. चाक नाही, म्हणून भांडं जागेवर ठेवायचं आणि बाईनेच त्याच्याभोवती वाकून गोल फिरायचं. थोंगजावच्या नीलमणी देवींना या कामासाठी २००७ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे मातीला आकार देण्याची अक्कल बाईत नाही, असं म्हणायची सोय उरत नाही. आडवं येतं ते चाकाभोवतीचं रिंगण.

आपल्या महाराष्ट्रात हे चाक किती जुनं आहे म्हणाल, तर संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली चाकावरची भांडी मिळाली. पुढे त्या भांड्यांना गावाचंच नाव पडलं. आपल्याच जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, घारापुरी बेटावर, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या-तेलाच्या उंच कुंभांची खापरं सापडली आहेत. राजे गेले, बंदरं बुजली, खापर तेवढं राहिलं. पण ते घडवताना माती कुणी मळली, हे खापर सांगत नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ असते. तेरच्या त्यांच्या अंगणात संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात थापटणं पडलेलं होतं. कुंभार ज्या लाकडी साधनाने मडकं ठोकून नीट करतो ते. हे काय आहे, असं मुक्ताबाईने विचारलं आणि मग गोरोबाकाकांनी कोण कच्चं, कोण पक्कं ते प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, असं कथा सांगते. आपण ही कथा नामदेवांच्या निमित्ताने सांगतो. मला मात्र आता त्यातली मुक्ताबाई आठवते. अवजाराकडे बोट दाखवून "हे काय?" असं विचारणारी त्या अंगणात तीच होती.

थापटण्याचं काम किती कसबाचं, हेही मला वहिनींमुळे कळलं. आपल्या माठाचा गोल बुडाचा आकार चाकावर थेट होतच नाही. चाकावर निघतं ते जाड भिंतीचं, बुडाशी उघडं असं ठोकळबाज भांडं. ते दोऱ्याने कापून काढतात आणि थोडं सुकल्यावर आतून गोल गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत भिंत पातळ करतात, पोट फुगवतात, बूड मिटवून टाकतात. म्हणजे माठाचा माठ होतो तो बराचसा या ठोकण्यात. कितीतरी घरांत यात बायकांचा हात असतो. तरीही नाव चाकाचं आणि चाकावर बसणाऱ्याचं.

शिकलेल्या, शहरातल्या बाईपुढे हे चाक केव्हाच खुलं झालं. सिंधमध्ये जन्मलेल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या निर्मला पटवर्धन या आपल्याकडच्या नावाजलेल्या कुंभकार. त्यांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे पुस्तक कित्येकांनी गुरूसारखं वापरलं. त्यांचे चिरंजीव माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी आईवडिलांवर केलेला 'वसुधैव कुटुंबकम्' हा माहितीपट २०२३ साली आला. पाँडिचेरीला १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या जोडप्याने गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकून देशभरातल्या अनेक स्त्रियांनी स्वतःचे स्टुडिओ काढले. तिकडे विलायतेतल्या लूसी री यांची गोष्ट मला फार आवडते. त्या व्हिएन्नाच्या. नाझींच्या भयाने १९३८ मध्ये लंडनला आल्या. युद्धाच्या काळात भांड्यांना कोण विचारणार? त्यांनी कपड्यांना लावायची मातीची बटणं करून पोट भरलं. युद्ध संपल्यावर चाकावरच्या त्यांच्या पातळ, नाजूक भांड्यांनी जगात नाव कमावलं.

या सगळ्या बायकांचं कौतुक आहेच. पण एक हिशेब जुळत नाही. मी कुंभाराच्या घरातली नाही, मला दहा दिवसांत चाक मिळालं. कुणी अडवलं नाही. उलट घरच्यांनी माझी वाकडी वाटी शोकेसमध्ये ठेवली. आणि कुंभाराच्या घरात तीस वर्षं राबलेल्या वहिनींना ते मिळालं नाही. आमच्यासाठी तो छंद झाला, त्यांच्यासाठी निषिद्धच राहिलं. रिसॉर्टमधल्या तासाभराच्या फीला आपण शब्द काढत नाही आणि संक्रांतीला पाच सुगडांसाठी वहिनींशी दोन-दोन रुपयांवरून घासाघीस करतो. चाकावर एकदा बसलं, की ही घासाघीस बाईच्या तोंडून सहज निघत नाही. शिकण्याचा पहिला फायदा मला हाच वाटतो.

आठव्या दिवशी आम्ही वहिनींना म्हटलं, "बसा ना जरा." त्या हसल्या. म्हणाल्या, "मी न्हाय बसायची. आता काय या वयात." आम्ही आग्रह केला नाही. चाळीस वर्षांचं सोवळं आपल्या आग्रहाने एका दुपारी सोडायला लावणं, यातही एक प्रकारची दांडगाई असते. दुसऱ्या दिवशी मात्र त्या आपल्या सुनेला घेऊन आल्या. पंचविशीची, दहावी शिकलेली पोर. "हिला बसवा," एवढंच बोलल्या आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. सुनेचा गोळा पहिल्याच दुपारी जागेवर आला. आम्हाला पाच दिवस लागले होते. लहानपणापासून माती हाताळलेला तो हात होता. शिक्षिका काही सांगायच्या आतच सासूबाई मागून सूचना करीत होत्या, "पानी कमी. हात सोडू नको." चाकावर कधी न बसलेल्या बाईला चाकाचं सगळं ठाऊक होतं.

आता ताकदीचंही कारण उरलेलं नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू केला आणि देशात ठिकठिकाणी विजेवरची चाकं दिली. बटण दाबलं की चाक फिरतं, स्टुलावर बसून काम होतं. काठी नको, उकिडवं बसणं नको. त्यानंतर १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. कुंभार आहेत, तसेच आपल्या किनाऱ्यावरचे होड्या बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे.

पण या योजनेत एक अट आहे आणि बायकांनी तिच्याकडे डोळे उघडून बघायला हवं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. आता सांगा, कुंभाराच्या घरातून अर्जावर कुणाचं नाव जाईल? 'कुंभार' म्हटल्यावर चाकावर बसणाऱ्याचंच. माती मळणारी, थापटणारी, आवा लावणारी कागदावर कुठेच येत नाही. कागदावर नाही म्हणजे प्रशिक्षणात नाही, कर्जात नाही, आणि उद्या नवरा अंथरुणाला खिळला किंवा गेला तर धंद्यातही नाही. वहिनींच्या पडवीतल्या त्या झाकलेल्या चाकाची गोष्ट अशी थेट सरकारी अर्जापर्यंत पोहोचते. घरातला पुरुष नोकरीला लागला असेल आणि बाईच हे काम करीत असेल, तिथे तरी अर्ज तिच्याच नावाने व्हायला हवा. नवीन नोंदणीची स्थिती काय आहे ते ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रावर विचारून घ्यावं. कुंभाराच्या बायकोने हे एकटीने विचारायला जाणं अवघड असतं. तिच्याबरोबर जाणं हे आपल्या मंडळांचं काम आहे.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते, कारण वर्ग संपल्यावर आमच्याकडे दोघी जणी लगेच "यावर धंदा निघेल का?" असं विचारू लागल्या. दहा दिवसांत हात बसत नाही. चाकावर सारख्या मापाच्या दहा वाट्या काढता येणं, याला काही महिने नेमाने बसावं लागतं. चाकापेक्षा भट्टी मोठा प्रश्न असतो. विजेची भट्टी महाग असते आणि वीजही खाते. चकचकीत लेप, ज्याला ग्लेझ म्हणतात, तो खाण्यापिण्याच्या भांड्यांना लावायचा तर त्यात शिसं नाही याची खात्री हवीच. बाजारातून डबा आणला आणि लावला, असं चालत नाही. लोणचं, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने शिसं अन्नात उतरू शकतं. म्हणून सुरुवात करणाऱ्यांनी बिनलेपाच्या साध्या मातीकामापासून करावी. पणत्या, सुगडी, दह्याची बोळकी, कुंड्या. त्याला आपला आवा पुरतो.

आणि आवा कुणाकडे आहे? कुंभारआळीत. म्हणून माझं म्हणणं असं, की महिला मंडळांनी आणि बचत गटांनी हा वर्ग घ्यायचा तर तो कुंभारआळीला सोडून घेऊ नये. चाक शिकवायला बाहेरची शिक्षिका असू दे, पण माती आणि आवा शिकवायला आळीतली बाई हवी. तिला शिक्षिकेसारखं मानधन द्यायला हवं. हळदीकुंकवाचं वाण देऊन तिची बोळवण करू नये. वर्गात दोन जागा आळीतल्या मुलीसुनांसाठी बिनफीच्या ठेवाव्यात. संक्रांतीच्या सुगडांची, पोपटीच्या मडक्यांची मागणी गावातल्या चार मंडळांनी एकत्र करून दोन महिने आधी आळीत दिली, थोडी उचल दिली, तर टेम्पोतला माल मागवायची गरजच पडणार नाही. आम्ही या वर्षी एवढं ठरवलं आहे. सगळं पार पडेलच असं नाही. आळीतल्या एका घराने "आमच्या बायका चाकावर बसणार नाहीत" असं सरळ सांगितलं आहे. दुसऱ्या घराने "बघू" म्हटलं आहे. आपल्या समाजात 'बघू' हाही काही कमी शब्द नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी आळी असेल. कदाचित एखाद-दोन घरंच उरली असतील. माठ घ्यायला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. "हा कुणी घडवला?" उत्तर बहुधा "आमच्या मालकांनी" असं येईल. मग दुसरा प्रश्न विचारा. "आणि तुम्ही यात काय काय केलंत?" उत्तर लांबेल. ते ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा, आणि पैसे देताना त्या लांबलेल्या उत्तराचा हिशेब करा.